तीन छोट्या शिट्ट्या, एक लांब

डोंबिवलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांची मोठी मुलगी गाइड आहे, धाकटा कबमध्ये, म्हणजे स्काउटांच्या लहान मुलांच्या गटात आहे. पथक खुलं, म्हणजे कुठल्या शाळेशी न जोडलेलं. दर रविवारी सकाळी मैदानावर भरतं, कब-बुलबुल, स्काउट आणि गाइड मिळून साधारण ऐंशी मुलं. निवृत्त शिक्षक असलेले एक सर गेली कित्येक वर्षं ते चालवतात. दीड वर्षापूर्वी "तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं" म्हणून पथकाचा ईमेल आणि वेबसाइट या ताईंकडे आली. तेव्हापासून रोज रात्री अकरापर्यंत त्या पालकांना उत्तरं देत बसतात. डिसेंबरमध्ये नेरळच्या हाइकची वेळ मेगाब्लॉकमुळे साडेआठवरून साडेसहावर आणली. ताईंनी शुक्रवारी रात्री ईमेल केला, व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रक टाकलं. तरी दोन मुली सॅक पाठीला लावून साडेआठला स्टेशनवर आल्या आणि पथक तोवर निघून गेलेलं. "आम्हाला कोणी कळवलंच नाही," असं एका वडिलांनी ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं. त्यानंतर पंधरा दिवसांत आणखी एक गोष्ट उघड झाली. राज्य पुरस्काराच्या चाचणी शिबिराचं जिल्हा कार्यालयाचं पत्र पथकाच्या ईमेलमध्ये एकोणीस दिवस न उघडता पडून होतं. मुदत संपायला दोन दिवस राहिले असताना ते सापडलं. वेबसाइटवर शेवटचा फोटो २०१९ चा आहे आणि तिचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, एका जुन्या रोव्हरच्या (वयाने मोठ्या स्काउटच्या) नावावर आहे, जो आता जर्मनीत असतो. सर म्हणतात, "मी फळ्यावर लिहिलं होतं." ताई विचारतात: सगळ्यांना एखादं अ‍ॅप घ्यायला लावू का? व्हॉट्सअ‍ॅप बंद करून ईमेलच सक्तीचा करू का? की हे काम सोडूनच देऊ? "पालक वाचत नाहीत, सर बदलत नाहीत आणि बोलणी मात्र मला," हे त्यांच्या पत्रातलं शेवटचं वाक्य.

प्रिय ताई,

स्टेशनवर उभ्या राहिलेल्या त्या दोन मुलींबद्दल तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय. त्या वडिलांच्या बोलण्यापेक्षा तेच तुम्हाला जास्त लागलंय, हे दिसतं. म्हणून आधी हे सांगते की चूक तुमच्या एकटीची नाही, आणि काम सोडायचं की नाही हा निर्णय आज घेऊ नका. थकलेल्या माणसाने रात्री अकरा वाजता घेतलेला निर्णय सकाळी पुन्हा तपासावा लागतो.

तुम्ही ग्रुपवर टाकलेलं पत्रक पत्रासोबत जोडलंत, ते फार बरं केलंत. मी ते तीनदा वाचलं. "सर्व पालकांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी आयोजित करण्यात आलेल्या पदभ्रमण उपक्रमाच्या वेळेत काही अपरिहार्य कारणास्तव बदल करण्यात आलेला असून सुधारित वेळापत्रक खालीलप्रमाणे राहील." त्याखाली सात ओळींचा तक्ता, आणि साडेसहा ही वेळ त्यातल्या तिसऱ्या ओळीत. हे सगळं फोटो म्हणून टाकलेलं. ज्या आईने भाजी चिरता चिरता फोन बघितला, तिला 'हाइकचं काहीतरी आलंय' एवढं दिसलं असणार. तिने हात जोडल्याची खूण टाकली आणि तुम्हाला वाटलं, कळलं. ग्रुपवर त्या दिवशी अशा चौदा खुणा आल्या होत्या, असं तुम्हीच लिहिलंय. त्या चौदांपैकी एक त्या दोन मुलींपैकी एकीच्या आईची होती.

पालक वाचत नाहीत, असं तुम्ही म्हणता. मला वाटतं ते वाचतात, पण आपण वाचण्याजोगं लिहित नाही. शाळेच्या सूचनावहीची भाषा आपल्या हातात इतकी बसलीय की घरच्यासारख्या पथकातही 'कळविण्यात येते' असंच उमटतं. तीच सूचना अशी लिहून बघा:

"नेरळ हाइक: वेळ बदलली. रविवार, १४ डिसेंबर, सकाळी ६:३०, डोंबिवली स्टेशन, पूर्वेला, तिकीट खिडकीजवळ. आधी सांगितलेली ८:३० ही वेळ रद्द. मेगाब्लॉक आहे, उशीर झाला तर थांबता येणार नाही. वाचलंत की मुलाचं नाव लिहा."

यात नवं काही नाही. पण पहिल्या चार शब्दांत बातमी आहे, जुनी वेळ नाव घेऊन रद्द केलीय, आणि शेवटी 'ओके' न मागता मुलाचं नाव मागितलंय. नावं आली की कोण राहिलं ते मोजता येतं. हात जोडलेल्या खुणा कोणी मोजत नाही. ईमेलच्या विषयातही हीच पहिली ओळ घाला, 'महत्त्वाची सूचना' हे शब्द नकोत. महिन्यात पाच ईमेल 'महत्त्वाची सूचना' या नावाने गेले की कुठलाच महत्त्वाचा राहत नाही.

आणखी एक, तुमचे जुने ईमेल काही पालकांना चौकोन-चौकोन दिसतात, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. पथकाची जुनी पत्रकं बहुधा जुन्या फॉन्टमधे टाइप केलेली आहेत, युनिकोडमधे, म्हणजे सगळ्या फोनना सारख्या कळणाऱ्या पद्धतीत, नाहीत. ती चिकटवली की दुसऱ्याच्या फोनवर अक्षरांचा चिखल होतो, आणि म्हणूनच मग लोक फोटो काढून पाठवतात. फोटोत सहज शोधता येत नाही, अंध पालकाच्या फोनला तो सहसा नीट वाचून दाखवता येत नाही, आणि त्यातली वेळ उचलून कॅलेंडरमध्येही सहज टाकता येत नाही. फोनवरच्या मराठी कीबोर्डने सूचना नव्याने टाइप करा. ऐंशी शब्दांना पाच मिनिटं लागतात.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तुमचं सगळं पत्र वाचून माझ्या मनात एकच प्रश्न राहिला: या सगळ्यात मुलं कुठे आहेत? सूचना सरांकडून तुमच्याकडे, तुमच्याकडून आईबाबांकडे. जिला स्टेशनवर यायचं होतं ती तेरा वर्षांची गाइड या साखळीत कुठेच नाही. तिला कोणी सांगितलंच नव्हतं, हे त्या वडिलांचं म्हणणं एका अर्थी खरं आहे.

तुमच्या मुलीला विचारा, शिट्टीचे इशारे कोणते. ती पटकन सांगेल. एक लांब शिट्टी म्हणजे सावध, शांत व्हा. भराभर छोट्या शिट्ट्या म्हणजे गोळा व्हा. आणि तीन छोट्या, मग एक लांब, म्हणजे फक्त संघनायकांनी इकडे या. बेडन-पॉवेल यांच्या १९०८ च्या पुस्तकातही हा इशारा आहे. संघनायक धावत येतात, सर त्यांना काय ते सांगतात, आणि ते आपापल्या सहा-आठ जणांपर्यंत ते पोचवतात. १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावरच्या पहिल्या शिबिरातही मुलांचे असेच छोटे संघ पाडले होते. स्काउटिंगची सगळी रचना या एका गोष्टीवर उभी आहे की मोठ्या माणसाने बत्तीस मुलांशी एकदम बोलायचं नाही, चार मुलांशी बोलायचं. आपण व्हॉट्सअ‍ॅप आणलं आणि नकळत ही रचना मोडली. आता एक आई एकशे चाळीस मोठ्यांशी एकटीच बोलतेय, आणि संघनायकाच्या हातात फक्त झेंडा उरलाय.

म्हणून अ‍ॅपबद्दल माझं उत्तर 'नको' असं आहे. अ‍ॅप वाईट असतात म्हणून नाही. ऐंशी घरांना आणखी एक पासवर्ड देऊन तुमची साखळी तशीच राहील, फक्त तिचं नाव बदलेल.

त्याऐवजी असं करून बघा. पुढच्या कोर्ट ऑफ ऑनरमध्ये, म्हणजे संघनायकांच्या बैठकीत, सरांच्या परवानगीने हा विषय ठेवा. प्रत्येक संघनायकाकडे आपल्या संघाची कागदी यादी असू द्या: नाव आणि घरच्या मोठ्यांचा फोन, पालकांनी चालेल म्हटलेला. वेळ किंवा जागा बदलली की सर किंवा गाइड कॅप्टन, म्हणजे गाइड मुलींच्या प्रमुख, फक्त नायकांच्या घरी फोन करतील. नायक आपल्या आईच्या किंवा बाबांच्या फोनवरून सात घरी फोन करेल: "काकू, मी गरुड संघातून बोलतोय, रविवारी साडेआठ नाही, साडेसहा." आणि मग उलट कळवेल: "सातपैकी सहा झाले, एकाचा लागत नाही." ही उलटी बातमी सगळ्यात मोलाची आहे. ईमेल गेला एवढंच आपल्याला कळतं, तो पोचला का ते कळत नाही. इथे एकाचा फोन लागत नाही हे शुक्रवारी रात्रीच समजतं, आणि त्याच्या इमारतीत राहणारा दुसरा स्काउट सकाळी जिना उतरता उतरता दार वाजवतो. एका संघात आठ जण, चार संघ, बत्तीस मुलं, आणि तुमच्या वाट्याला शून्य फोन.

कब-बुलबुलांसाठी हे चालणार नाही. दहा वर्षांच्या आतल्या पोरांना सूचना पोचवायला लावणं योग्य नाही, तिथे थेट आईबाबांनाच कळवा.

एक मर्यादा मात्र अगदी काटेकोर पाळा. कुठल्याही मोठ्याने, मग ते सर असोत, कॅप्टन असोत की तुम्ही, एकट्या मुलाला खासगी मेसेज करायचा नाही. जागतिक स्काउट संघटनेचं 'सेफ फ्रॉम हार्म' हे बालसुरक्षेचं धोरण आहे, त्याला धरून पाळायची गोष्ट हीच की मूल आणि मोठं माणूस कधी आडोशाला एकटं असू नये. फोनच्या पडद्यालाही आडोसाच समजा. संघनायकांना काही लिहून कळवायचं असेल तर त्यात पालक आणि दुसरं एक मोठं माणूस असलंच पाहिजे. सरांसारख्या निर्मळ माणसालाही हे सांगायला अवघड वाटेल, मला कल्पना आहे. नियम सगळ्यांना सारखा आहे असं म्हटलं की कोणाचाच अपमान होत नाही.

सर बदलत नाहीत, या तुमच्या वाक्याकडे वळते. सर फळ्यावर लिहितात. तारीख, वेळ, जागा, काय आणायचं. चार ओळी, मोठ्या अक्षरात, सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी, आणि चुकलं तर पुसून नवीन. ताई, चांगल्या वेबसाइटचं वर्णन मला याहून नेमकं करता आलं नसतं. सर मागे आहेत असं मला वाटत नाही. त्यांचा फळा मैदानावर आहे आणि तो मैदानाबाहेर दिसत नाही, एवढीच अडचण आहे. वेबसाइटचं पहिलं पान म्हणजे तो फळा करा. पुढच्या चार रविवारांची तारीख, वेळ, जागा, आणि खाली 'शेवटचा बदल अमुक दिवशी' एवढी ओळ. बाकी इतिहास, सत्कार, वृत्तपत्रांतली कात्रणं दुसऱ्या पानावर जाऊ देत. सरांना सांगा, "फळ्यावर जे असेल तेच खरं, मी तेवढंच वर चढवणार." मग व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी काही म्हटलं, ईमेलमध्ये चूक झाली, तरी खरं काय ते एका ठिकाणी मिळतं, आणि त्या ठिकाणचा शब्द सरांचा असतो. माझी खात्री आहे की ते याला नाही म्हणणार नाहीत.

यासाठी महाग वेबसाइट लागत नाही. गुगल साइट्ससारखी फुकटची एक साधी पानांची जागा पुरे. पण डोमेनचं काम आजच करा. जर्मनीतल्या त्या मुलाला पत्र लिहा, तक्रारीचा सूर नको. आपल्या खिशातून तो इतकी वर्षं डोमेनचं नूतनीकरण करतोय की पथक त्याला पैसे देतंय, हेही तुम्हाला माहीत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आधी त्याचे आभार माना, मग मालकी पथकाच्या ईमेलवर घ्यायची विनंती करा आणि मुदत कधी संपते ते विचारा. मुदत संपून डोमेन सुटलं तर ते कोणीही विकत घेऊ शकतं. माझ्या ओळखीच्या एका मुलांच्या मंडळाचं असंच सुटलं. पुढच्या सहा महिन्यांत त्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती आल्या, आणि मंडळाच्या छापील माहितीपत्रकांवर तोच पत्ता होता.

ईमेलचं सांगते. सक्ती करू नका. जे आज कळायला हवं ते व्हॉट्सअ‍ॅप आणि फोनवर, जे वर्षभर जपायचं ते ईमेलवर: शिबिराचं संमतीपत्र, वर्गणीची पावती, जिल्हा कार्यालयाची पत्रं. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त सूचनांसाठी वेगळा ग्रुप ठेवा, त्यात लिहिण्याचा अधिकार दोघा-तिघांनाच. त्यात मुलाचं नाव लिहून उत्तर देता येणार नाही, म्हणून नावं गोळा करायला जुना ग्रुप राहू दे.

पथकाचा ईमेल आज तुमच्या फोनवर, तुमच्या नंबरवर चालतोय. तुम्ही आजारी पडलात तर? दुसऱ्या एका पालकाला आत घ्या आणि आठवड्यातले दोन वार वाटून घ्या, बुधवार त्यांचा, शनिवार तुमचा. ते राज्य पुरस्काराचं पत्र एकोणीस दिवस पडून राहिलं, कारण रोज बघायचं असं ठरवलेलं काम कोणीच रोज करत नाही. वार ठरला की होतं. जिल्हा कार्यालयाच्या पत्त्यावरून आलेल्या ईमेलला आपोआप वेगळी खूण लागेल अशी सोय जीमेलमध्ये करता येते, ती करून घ्या. दोन पायऱ्यांची सुरक्षा चालू केलीत की गुगल दहा राखीव कोड देतं, ते छापून पाकिटात घाला आणि पाकीट सरांच्या कपाटात ठेवा. आणि दोन वर्षं कोणी वापरलंच नाही असं खातं गुगल काढून टाकू शकतं, तेव्हा पथकाच्या फोटोंचं जे जुनं खातं तुम्ही उल्लेखलंय ते या आठवड्यात एकदा उघडा.

एका गोष्टीवर मला थोडं थांबायचं आहे, कारण ती माझ्या हातून घडली. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका बालगटाचे ईमेल पाठवत असे. सहलीचं पत्र सगळ्या पालकांना एकदम पाठवलं, सगळे पत्ते सगळ्यांना दिसतील असे. दुसऱ्या दिवशी एका आईचा फोन आला. ती सासर सोडून मुलाला घेऊन वेगळी राहत होती, आणि तिचा हा नवा ईमेल पत्ता तिकडच्या माणसांना माहीत नव्हता. त्या यादीत तिकडचं एक नातेवाईक होतं. ती रागावली नाही, हळू आवाजात म्हणाली, "आता बदलायला लागेल." तो आवाज मी अजून विसरलेले नाही. पालकांचे पत्ते नेहमी 'बीसीसी' या रकान्यात टाका, तिथले पत्ते इतरांना दिसत नाहीत. 'टू' मध्ये पथकाचा स्वतःचा पत्ता. ऐंशी घरांसाठी जीमेल पुरतं, साध्या खात्यावरून दिवसाला पाचशे जणांपर्यंत पाठवता येतं.

फोटोंचंही तसंच. २०२३ च्या आपल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण बालक धरलं आहे आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. कायद्याची भीती म्हणून नव्हे, पण वर्षाच्या सुरुवातीला नोंदणीच्या अर्जातच विचारून ठेवा: फोटो वेबसाइटवर चालेल का, फक्त पालकांच्या ग्रुपवर चालेल का, की कुठेच नको. तिसरा पर्याय निवडणाऱ्याला कारण विचारू नका. चेहऱ्याखाली पूर्ण नाव आणि शाळा लिहू नका. मुक्कामी शिबिराची जागा वेबसाइटवर मुलं परत आल्यावर टाका, आधी नाही. फोनने काढलेल्या फोटोत जागेची नोंद लपलेली असू शकते, म्हणून वर चढवण्याआधी ती काढून टाका.

ढोल पथक चालवणारे, ट्रेकच्या ग्रुपवाले, परदेशातल्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या कितीतरी ताया अशाच चक्रात आहेत, त्यांचीही पत्रं माझ्याकडे येतात. त्यांच्याकडे शिट्टी नसेल, पण मुलांमधली चार मोठी मुलं प्रत्येकाकडे असतात.

आणि रात्री अकराचं. वेळ जाहीर करा: "संध्याकाळी सात ते आठ उत्तर मिळेल, तातडीचं असेल तर कॅप्टनना फोन." पहिला आठवडा लोक रुसतील. तुम्ही सव्वाआठला उत्तर दिलंत तर ते कधीच शिकणार नाहीत, तेव्हा तो आठवडा तेवढा निभावून न्या. तरीही दोन-तीन महिन्यांनी सोडावंसं वाटलं तर सोडा, वाईट वाटून घेऊ नका, फक्त पाकीट आणि यादी दुसऱ्याच्या हातात देऊन सोडा.

त्या दोन मुलींचं मात्र राहतंय. त्यांना भेटा, त्यांच्या आईवडिलांना नंतर. "तुमच्यापर्यंत पोचलं नाही, ते आमच्याकडून राहिलं," एवढं म्हणा. आणि पुढच्या हाइकची सूचना त्यांना लिहायला द्या. स्टेशनवर कुठे उभं राहायचं, हे त्यांच्याइतकं नीट कोणीच लिहिणार नाही. शुद्धलेखन तपासा, वाक्यं त्यांचीच राहू द्या, आणि मग तशीच फळ्यावर आणि वेबसाइटवर चढवा.